‘खाली’ म्हणजे काय

माझ्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, बांधकामावर कप्पीचा दोर सांभाळत. या कामात जोर कमी आणि लक्ष जास्त लागतं.

एकदा वरून नवा परभाषी गवंडी ओरडला, "खाली!" त्याच्या बोलीत, बादली रिकामी झाली. दाजींना वाटलं, खाली सोड म्हणतोय. त्यांनी दोर सोडला. गवंड्याची बोटं अजून लोखंडी बादलीच्या काठावर होती. ती बादली आणि पायाखालच्या फळीच्या मध्ये चेपली. दोन गेली.

जखम भरल्यावर तो परत आला. दाजी खालून म्हणाले, "आधी दोन्ही हात वर कर, मगच सोडतो."

"दीडच उरलाय, दाजी. चालेल का?"

सगळे हसले. दाजींनी दोर शेजारच्याच्या हातात दिला. पुन्हा कधी धरला नाही.