लोण्याच्या सुरीचं वाकडं टोक

मैत्रिणींनो, पॉलिटेक्निक सुटल्यापासून आपल्यात फिरणारी ही वही सकाळी माझ्याकडे पोचली. म्हणून आजचंच लिहिते.

माझे वडील, दादा, नगरच्या लष्करी मेसमध्ये टेबल लावायचे. नोकरी संपताना त्यांना लोण्याची एक सुरी मिळाली, बोथट आणि रुंद पात्याची. केडगावच्या घरी आम्ही तिने डब्यांची झाकणं उघडली, खिडकीच्या काचेभोवतीची सुकलेली पुट्टी खरवडली. बारा वर्षांची असताना मी तिनेच रेडिओचे स्क्रू काढले आणि तिचं टोक वाकलं.

वर्षभरापासून ते माणसं ओळखत नाहीत. आज दुपारी मी भाकरी, लोणी वाढलं आणि सुरी दिली. त्यांनी ती मेसच्या रीतीने, पात्याची कड आत करून बशीवर ठेवली. टोकावरून बोट फिरवलं आणि उठून उभे राहिले.

"बाईसाहेब, टोक वाकडं हाय. माफी करा."

"कशानं वाकलं?"

"आमच्या पोरीनं रेडिओ खोलला. लहान हाय अजून. तिला रागावू नका, लई हुशार हाय."

"नाही रागावणार. बसा, जेवा."

"तुमच्यासमोर? न्हाई जी."

शेवटी मी आत गेले, तेव्हा ते जेवायला बसले.

ते टोक पक्कडीने दोन मिनिटांत सरळ होईल. पण मी ते करणार नाही. दादांना मी आता तेवढ्यानेच आठवते.

ती मुलगी मीच, हे सांगायला हवं होतं का? वहीत तुमचं मत लिहा.