मयताच्या घरी आलेल्या गोळ्या

फालेसी मायी दवाखान्यातल्या पगारी बाई नव्हत्या. एचआयव्हीची औषधं त्या स्वतः एकोणीस वर्षं घेत होत्या, म्हणून नव्या रुग्णांना सांभाळायला दवाखान्याने त्यांना ठेवून घेतलं होतं. मलावीतल्या आमच्या तळ्याकाठच्या गावात सगळे त्यांना मायीच म्हणत.

तामांडा माझ्या पोटात होती तेव्हा चुलतसासरे वारले. दफन होईपर्यंत मयताच्या घरून आमच्याकडे कुणी उठत नाही; जी उठेल तिच्या दारात उद्या कोण येईल? त्यांचा मुलगा जोहान्सबर्गहून यायचा होता, म्हणून दफन चार दिवस लांबलं. माझ्या एचआयव्हीच्या गोळ्या दुसऱ्याच दिवशी संपल्या, आणि नव्या आणायची तारीखही तीच होती. गोळ्या चुकल्या तर बाळाला लागण होऊ शकते, हे मला ठाऊक होतं. पण उठता येत नव्हतं; आणि औषधाची तारीख चुकवणारीला नर्सबाई शेवटच्या बाकावर बसवायच्या आणि सगळ्यांदेखत बोलायच्या. मी भोपळ्याच्या पानांच्या शिरा काढत बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मायी डोक्यावर मक्याच्या पिठाची टोपली घेऊन आल्या. रडल्या, पीठ आत दिलं आणि माझ्याजवळ येऊन बसल्या.

"अशा शिरा काढतात होय? सासूने हेच शिकवलं का गं?"

"मग तुम्हीच काढा, मायी."

"काढते. तू जा, पाणी पिऊन ये."

पानांखालून त्यांनी माझ्या हातात फडक्याची लहानशी पुरचुंडी सरकवली. आत गोळ्या होत्या; डबीत त्या वाजल्या असत्या.

त्या सहज मिळाल्या नव्हत्या, हे नंतर कळलं. माझी तारीख टळलेली पाहून मायी नर्सबाईंसमोर उभ्या राहिल्या होत्या.

"बाई, ती मयत सोडून आली असती तर गावाने तिला वाळीत टाकलं असतं."

"मला हे कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही विचारलंत कुठे? रागवायलाच वेळ पुरत नव्हता."

नर्सबाई हसल्या म्हणे, आणि गोळ्या मोजून दिल्या. पुढे सगळ्यांनाच पंधरा दिवसांच्या जास्त गोळ्या मिळू लागल्या. शेवटचा बाक व्हरांड्यात गेला. तिथे आता लेकुरवाळ्या बसतात. गावात कुणी गेलं की मायी आधी दवाखान्यातली कार्डं चाळून कुणाच्या गोळ्या संपत आल्यात ते पाहतात, मग पीठ बांधतात.

तामांडा दीड वर्षांची झाली तेव्हा तिची शेवटची तपासणी झाली. नर्सबाईंनी कागद दोनदा वाचून दाखवला. लागण नव्हती.

मी मायींना शोधत गेले. त्या एका नव्या मुलीला समजावत होत्या. मी तामांडाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. मायींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत त्या मुलीशी बोलत राहिल्या.