भिंगाच्या कडेवरचा बाण

आमच्या ह्यांना सगळे भिंगकाका म्हणतात. 'हा काय पोरकटपणा' असं हे तोंडाने म्हणतात, पण कुणी नुसतं 'काका' म्हटलं तर हाक दोनदा मारावी लागते. कॅमेरे दुरुस्त करण्यात ह्यांची पंचेचाळीस वर्षं गेली. मधली दहा-बारा वर्षं दुकानाकडे कुत्रंही फिरकत नव्हतं, कारण ज्याच्या त्याच्या खिशात फोन आणि फोनातच कॅमेरा. शेवटी दुकान आवरून सगळा पसारा घरातल्या पुढच्या खोलीत आणला. हा माणूस आता दिवसभर माझ्या पायात येणार, या विचारानेच मला तेव्हा धडकी भरली होती. धडकी म्हणजे काय हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

मग गेल्या तीन-चार वर्षांत कुठून कोण जाणे, हौशी मंडळींची रीघ लागली. जुने कॅमेरे, जुन्या लेन्स विकत घ्यायच्या आणि पिशवीतून बाळ आणावं तसं ते घेऊन आमच्या दारात उभं राहायचं. एक बसचालक भात्याचा कॅमेरा घेऊन आला. तो उघडला तर भात्यात झुरळांची तीन पिढ्यांची वसाहत. बँकेतले एक साहेब तर खरेदीचं पार्सल आमच्याच पत्त्यावर मागवतात. घरात आणखी एक कॅमेरा आला तर कॅमेऱ्यासकट तुम्हीही बाहेर, असं त्यांच्या बायकोने बजावलंय. मी तिच्या बाजूची आहे, पण पार्सल सही करून घेते.

ह्यांची कामाची पद्धत ठरलेली. लेन्स उघडली की रबरी चोखणीने एकेक भिंग उचलायचं आणि ते खाली ठेवण्याआधी, डोळ्याचं पातं लवण्याआधी म्हणा, त्याच्या कडेवर पांढऱ्या पेन्सिलने छोटा बाण काढायचा. बाणाचं टोक नेहमी बाहेरच्या बाजूला, म्हणजे ज्याचा फोटो काढायचा त्याच्याकडे. मग बुरशी पुसायची आणि बाण बघून भिंग होतं तसं परत बसवायचं. आणि पुसायचं ते ठरलेल्या मऊ कागदानेच. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात मी टेबलावरचं एक भिंग प्रेमाने स्वेटरच्या बाहीने पुसून ठेवलं होतं. तेव्हा हे असे ओरडले होते की शेजारीण धावत आली. भिंगाला कापड लावणं हा एकच गुन्हा ह्यांनी आजवर कुणाला माफ केलेला नाही.

हे काम ह्यांना शिकवलं माझ्या मोठ्या दिरांनी. त्यांचा शेवट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका सकाळी ते स्वेटर उलटा घालून आमच्याकडे आले, शिवण सगळी बाहेर. आम्ही पोट धरधरून हसलो, तेही हसले. महिन्याभराने पुन्हा तसेच आले, तेव्हा कुणी हसलं नाही. तिसऱ्या वर्षी ते ह्याच टेबलाशी बसून ह्यांना विचारत होते, "आपण काय काम करता?" ज्याला स्क्रू कसा धरायचा तेही स्वतः शिकवलं, त्या धाकट्या भावाला! हे म्हणाले, "कॅमेरे दुरुस्त करतो." दीर म्हणाले, "छान. कुणाकडे शिकलात?" हे उठून मोरीत गेले आणि बराच वेळ नळ चालू होता.

हे आता तेव्हाच्या दिरांपेक्षा एका वर्षाने मोठे आहेत. हा हिशोब आम्ही दोघांनीही केलेला आहे आणि दोघांनीही एकमेकांना सांगितलेला नाही.

तर आमच्या गल्लीच्या टोकाला दातांचे डॉक्टर आहेत. त्यांना हा नाद नवाच लागलेला. जुन्या बाजारात त्यांनी एक लेन्स घेतली, बुरशीने भरलेली. ह्यांनी ती साफ करून दिली. आठवड्याने डॉक्टर धापा टाकत आले, हातात फोटो. त्यांची आई बागेतल्या बाकावर बसलेली.

"काका, काय जादू केलीत हो! हे बघा!"

म्हातारीचा चेहरा मधोमध लख्ख, आणि कडेची झाडं तिच्याभोवती गरगर फिरत असल्यासारखी. मलाही आवडला. ह्यांनी फोटो डोळ्याजवळ नेला आणि ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "छान आलाय," एवढंच म्हणाले. डॉक्टर चहा पिऊन गेले. ह्यांचा चहा तसाच राहिला.

"अगं," हे म्हणाले, "कडेची झाडं अशी गरगरतात ती पुढचं भिंग उलटं असलं की. मी ते उलटं बसवलंय."

खरं सांगते, माझी नजर आधी ह्यांच्या स्वेटरकडे गेली. तो सुलटा होता.

"कशावरून तुम्हीच?" मी म्हटलं. "ती लेन्स चार हातांतून आलेली. आधीच कुणीतरी उलटं बसवलं असेल. तुम्ही होतं तसं ठेवलंत."

"असेल. पण मग उघडल्यावर माझ्या लक्षात कसं नाही आलं?"

"इतकी बुरशी होती! बाण काढला होता ना?"

"काढलाच असणार."

पंचेचाळीस वर्षांत ह्या टेबलावर 'असणार' हा शब्द मी ऐकला नव्हता.

खरं काय ते कळायचा मार्ग एकच. लेन्स परत उघडायची, भिंग काढायचं आणि बाण बघायचा. टोक बाहेर असेल तर चूक आधीच्या कुणाची. टोक आत असेल तर ह्यांची. पाच मिनिटांचं काम. हे काही लेन्स मागवायला तयार होईनात. उद्या बघू, परवा बघू, असं करत दोन आठवडे गेले. एरवी टेबलाशी बसले की शीळ घालणारा माणूस आता एकेक स्क्रू तीन-तीनदा मोजू लागला. मी स्वयंपाकघरातून यायचे तर हे मान खाली घालून पुटपुटत असायचे, "पहिलं भिंग, बाण काढला. दुसरं भिंग, बाण काढला." मी पावलं न वाजवता परत फिरायचे आणि ओट्याला धरून उभी राहायचे. मला भीती वाटत होती. सकाळी हे कपडे घालून बाहेर आले की मी आधी गुंड्या बघायचे, मग तोंड. ह्यांनी चष्मा शोधला तरी जीव टांगणीला लागायचा. अहो, चष्मा मी स्वतः दिवसातून चारदा शोधते!

त्यात डॉक्टरांनी तो फोटो सगळ्या हौशी मंडळींना दाखवला. झालं! बँकेतले साहेब तशीच लेन्स विकत घेऊन हजर. बसचालकही आला. "काका, डॉक्टरांच्या लेन्सला जे केलंत तेच आमच्याला करा." शहाण्यांनो, त्या माणसाला काय केलं हेच तर आठवत नाहीये, असं माझ्या ओठांवर आलेलं मी गिळलं. हे प्रत्येकाला "ठेवून जा" म्हणत आणि हात लावत नसत. खिडकीत सात लेन्स रांगेने आमच्याकडे बघत बसल्या होत्या.

शेवटी माझंच डोकं फिरलं. ह्यांना न विचारता डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले आणि एकदा तपासायची आहे म्हणून लेन्स घेऊन आले. दुपारची जेवणं उरकल्यावर ती टेबलावर ठेवली. "उघडा. मला हे असं जगता येत नाही."

ह्यांनी दिवा ओढला, पुढची कडी फिरवून काढली. हात जराही थरथरत नव्हता, तेवढ्यानेच मला धीर आला. चोखणीने भिंग वर आलं, आणि डोळे मिटून ह्यांनी ते तसंच माझ्यापुढे धरलं.

"तूच बघ. माझ्यात धाडस नाही. बाहेरचा भाग माझ्याकडे आहे. टोक कुठे आहे?"

मी भिंग हातात घेतलं, कडेला धरून. पांढरा बाण होता. ह्यांच्याच हातचा, नेहमीसारखा रेखीव. टोक माझ्याकडे होतं. आतल्या बाजूला.

दीर डोळ्यांसमोर आले, तो छान म्हणणारा चेहरा.

"बाहेर आहे," मी म्हणाले. "तुमच्याकडेच आहे टोक. मी म्हटलं नव्हतं?"

आणि हे डोळे उघडायच्या आत मी अंगठ्याला थुंकी लावली, बाण चोळला आणि स्वेटरच्या बाहीने कड पुसून काढली. घाईत बाही सगळ्या भिंगावरून फिरली.

ह्यांनी डोळे उघडले. माझ्या हातातल्या भिंगाकडे पाहिलं. त्यावर लोकरीचा एक धागा चिकटला होता. मग माझ्या बाहीकडे पाहिलं, तिच्यावर पांढुरका डाग होता. ओरडा, मी मनात म्हणत होते, एकदा ओरडा, भिंगाला कापड लावलं म्हणून घर डोक्यावर घ्या, शेजारीण येऊ दे.

हे ओरडले नाहीत. मऊ कागद घेतला, भिंग माझ्या हातातून हलकेच काढून घेतलं आणि तो धागा टिपला.

"बाहेर होतं ना? मग ठीक आहे," म्हणाले.

थोडा वेळ दिव्याखाली भिंग फिरवत बसले. मग दुसरी खुर्ची ओढून स्वतःच्या शेजारी लावली, मला बस म्हणाले.

"उद्यापासून त्या सात लेन्स घेऊ. भिंग मी उचलीन," म्हणाले. "बाण तू काढत जा."

आणि पांढरी पेन्सिल उचलून ह्यांनी माझ्या बाजूला ठेवली.