सोमारीचा होकार

कायद्याचं पहिलं वर्ष संपवून मुखरू नागपूरहून चांद्याला आला, ते १९५७ साल. त्याचं गाव सिंदेवाहीकडं, घरी धानाची शेती. सुटीत गावी न जाता भैयाजी वकिलांच्या हाताखाली काम शिकायचं त्यानं ठरवलं होतं. वकिलांनी आल्या आल्या त्याच्यावर एक पोरगी सोपवली.

सोमारी अहेरीपलीकडच्या जंगलगावची, असेल दहा-अकरा वर्षांची. ठेकेदारानं रचून ठेवलेले बांबूचे ढीग जळाले होते आणि आग हिनंच लावली, असा तिच्यावर आरोप होता. पोरांना ठेवायला जिल्ह्यात वेगळी जागा नव्हती, म्हणून मॅजिस्ट्रेटांनी तिला सुगंधाबाई सुईणीच्या घरी ठेवलं होतं. तिची आई नीलाबाई तिथंच ओट्यावर बसून असायची. पोरीशी बोल आणि खरं काय ते काढ, एवढंच वकिलांनी मुखरूला सांगितलं.

मुखरूनं विचारलं, आग तू लावली? सोमारी हो म्हणाली. काम इतक्यात संपलं की काय, असं वाटून तो खट्टू झाला. दुसऱ्या दिवशी त्यानं उलटं विचारून पाहिलं. आग दुसऱ्या कोणी लावली? हो. तू तेव्हा बाजारात होतीस? हो. घरी झोपली होतीस? त्यालाही हो. मराठी कळत नसेल म्हणून त्यानं नीलाबाईकडून गोंडीत विचारून घेतलं, तरी पोरीची मान तशीच हलली. मुखरूला काही सुधरेना. कॉलेजात साक्ष कशी तपासायची ते शिकवलं होतं, पण असा साक्षीदार कुठल्या पुस्तकात नव्हता.

शेवटी नीलाबाईच म्हणाली, "भाऊ, पँटवाल्यानं विचारलं तं हो म्हनाव लागते. नाई म्हटलं तं मार पडते. मीच शिकवलं तिले."

मुखरूनं ते वकिलांच्या कानावर घातलं. तारखेच्या दिवशी वकिलांनी परवानगी काढून भर कोर्टात सोमारीला विचारलं, सिरोंच्याची गोदावरी तूच जाळली ना? ती हो म्हणाली. कचेरीचं हे छप्पर? तेही. मॅजिस्ट्रेटांनी लेखणी खाली ठेवली. आग लावताना तिला कोणी पाहिलेलं नव्हतं, होती ती फक्त ठेकेदाराच्या माणसांपुढं तिनं दिलेली कबुली. असल्या कबुलीवर विसंबता येत नाही म्हणून त्यांनी तिला सोडून दिलं. मायलेकींना घरी पोचवायचं काम मुखरूकडं आलं. त्याचे पाय जमिनीवर नव्हते.

आष्टीला मोटार थांबली. पुढं नदी डोंग्यानं ओलांडायची होती आणि डोंगा पलीकडं गेलेला. नीलाबाई पाण्यावर गेली. मुखरू रेतीत बसून होता, शेजारी सोमारी. कोणी तिला काही विचारलं नव्हतं. ती आपणहून मोडक्या मराठीत बोलू लागली.

"मोहाखाली पाला होता. झाडला. जाळला. मंग फूल दिसते." तिनं हात लांब केला. "वारा आला. बांबूत गेला."

मुखरू सुन्न झाला. चैतात मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला सगळेच जाळत. त्याची स्वतःची आईही जाळायची. म्हणजे जाळ हिनंच लावला होता, पण बांबूला लावला नव्हता. मग आपण कोर्टात दाखवलं ते खरं की खोटं? तू खरंच सांगतेस का, असं विचारायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती.

नीलाबाई परत आली. त्याचा चेहरा पाहून म्हणाली, "बोलली का काई?"

"काय बोलनार होती?" मुखरूनं विचारलं.

नीलाबाईनं गाठोडं उचललं. पोरीचा हात धरून ती डोंग्याकडं चालू लागली. हिला आधीपासून माहीत होतं का? मग ते मार पडण्याचं, शिकवण्याचं बोलणं? तेही खरं असू शकत होतं. गाव येईपर्यंत मुखरू त्यातच घुटमळत राहिला.

चांद्याला परतल्यावर त्यानं भैयाजींना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"कोर्टात जाऊन सांगाव म्हनतेस?"

"मले समजत नाई."

"मलेई नाई," भैयाजी म्हणाले आणि त्याला जेवायला घेऊन आत गेले. पुन्हा तो विषय दोघांपैकी कोणीच काढला नाही.

पुढं मुखरू वकील झाला आणि गडचिरोलीत राहू लागला. पोराबाळांचे खटले आले की तो फार वेळ घेतो, अशी त्याच्याबद्दल तक्रार असे. एकदा अहेरीच्या बाजारात एका बाईनं त्याला हाक मारली. कडेवर लेकरू, पुढ्यात चारोळीची टोपली. सोमारीच होती. त्यानं नीलाबाईची खुशाली विचारली, लेकराचं नाव विचारलं. बांबूचं मात्र काढलं नाही. काढायला हवं होतं की नको, हे मोटारीत बसल्यावरही त्याला ठरवता येईना.