बोटभर ढिली गाठ

केबलमामांनी आमच्या गल्लीतल्या कोणाचा चेहरा कधी नीट पाहिला असेल, असं मला वाटत नाही. पुंडलिकनगरात ते शिरायचे तेच मान वर करून. नजर खांबावर, वायरींवर, गच्चीच्या कठड्यांवर. समोरून येणाऱ्याला हमखास धडकायचे आणि वर बघतच ओळख सांगायचे, "तिसऱ्या खांबावरची हिरवी. म्हंजे अक्काची पोरगी." ती पोरगी मी. पंधरा वर्षं मी त्यांच्या लेखी हिरवीच होते.

हिरवी, कारण आमच्या वायरीला आईच्या जुन्या हिरव्या साडीची चिंधी बांधलेली होती. एका खांबावरून वीस घरांना वायरी जायच्या आणि सगळ्या काळ्या. इतर केबलवाले त्यांच्यावर नंबर लिहायचे. दोन उन्हाळ्यांत ते पुसून जायचे. मामा मात्र प्रत्येक घरातून जुन्या कापडाची एक पट्टी मागून घ्यायचे आणि त्या घरच्या वायरीला करकचून दुहेरी गाठ मारायचे. मूळचे ते पैठणकडचे, घरी मेंढरं. "मेंढराच्या पाठीवर रंग नसला तर कळपात कुणाचं कोणतं, कळत नाय," ते आईला सांगायचे, "वायरीचं बी तसंच हाय, अक्का." कोणाची पट्टी धोतराची, कोणाची शाळेच्या गणवेशाची. आमचा तिसरा खांब लांबून नवसाच्या झाडासारखा दिसायचा.

मामा खोटंही बोलायचे, पण फक्त आयांच्या सांगण्यावरून. घरात कोणी दहावीला असलं की दिवाळीनंतर आया त्यांना गुपचूप गाठायच्या. दुसऱ्या दिवशी नेमकं त्याच घरचं केबल बंद पडायचं. विचारायला गेलं की मामा खांबाकडे बघत गंभीरपणे सांगायचे, मुकुंदवाडीकडं खोदकाम चाललंय, मोठी वायर तुटली. माझ्या दहावीच्या वर्षी ते खोदकाम चार महिने चाललं. शेवटचा पेपर देऊन घरी आले, तर टीव्ही सुरू. निकालाचे पेढे द्यायला गेले तेव्हा मी त्यांना चांगलंच धारेवर धरलं. ते म्हणाले, "शिव्या मला बसल्या तर बसू द्या. आई वाईट दिसाया नको." आईला मी आजवर काही बोलले नाही, ते यामुळेच.

आणि अशा माणसाचं केबल गल्लीत सगळ्यात आधी काढलं ते मी. मला पुण्याच्या कंपनीत घरून करायची नोकरी लागली. त्यासाठी इंटरनेट घेतलं, मग इंटरनेटवर चालणारा टीव्ही आला आणि आई तिच्या मालिका वाटेल तेव्हा, वाटेल तिथे थांबवून पाहू लागली. केबल नुसतंच लटकत राहिलं. मामांना ते सांगायची माझी छाती होईना, म्हणून ते काम मी आईवर ढकललं. मामा आले, शिडी लावून वर चढले, गाठ सोडली, वायर ओढून घेतली. चिंधी मात्र त्यांनी टाकली नाही. घडी घालून स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि स्वतःशीच म्हणाले, "हिरवी सुटली."

त्यानंतर गल्लीत रांगच लागली. पोरं मोबाइलवर सिनेमे बघू लागली, म्हाताऱ्यांनाही भिंतीवरच्या टीव्हीत कीर्तन हवं तेव्हा मिळू लागलं. दोन वर्षांत मामांची साठातली नऊ घरं उरली आणि डिकी चिंध्यांनी भरली. त्यांची स्कूटर दिसली की मी गॅलरीतून आत सरकायचे. लाज वाटायची, दुसरं काय.

मामांनी पन्नाशी ओलांडली होती. आता हे गावी जाऊन मेंढरं सांभाळणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. ते गेले, पण शिकायला. फायबर जोडायचं काम शिकले, डोळ्यांना चष्मा लावला, घरी तुकड्यांवर जोड मारमारून हात बसवला. सहा महिन्यांनी बारीक पांढऱ्या तारेचं भेंडोळं घेऊन आमच्या दारात उभे. "आत काचेचा दोरा हाय, ताई. त्यातून उजेड जातो. तुमचं इंटरनेट, टीव्ही, समदं त्या उजेडात." म्हणणं एवढंच होतं की बारा घरांनी महिनाभर वापरून बघावं. नाही पटलं तर तार ते स्वतः काढून नेतील, गल्ली सोडतील आणि गाव धरतील. त्यांचं बोलणं संपायच्या आत मी हो म्हणाले आणि जुनं कनेक्शन त्याच दिवशी बंद करून टाकलं. अपराधी माणसाचा उत्साह जरा जास्तच असतो.

महिना संपायला चार दिवस उरले असताना माझ्या भाच्याचं बारसं आलं. भाऊ जर्मनीत. आईच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपणारा नव्हता आणि बाळाची एकुलती एक आत्या मी इथे. नाव मी ठरवलं होतं आणि ते भावालाही सांगितलं नव्हतं. तिथे पाळणा, इथे मोठ्या टीव्हीसमोर आई आणि त्या बाराही घरांतल्या बायका, पातेल्यात घुगऱ्या. चारचा मुहूर्त. साडेतीनला मामा येऊन इंटरनेटच्या डब्यावरचा हिरवा दिवा बघून गेले. काय फिकर करू नका, म्हणाले.

पावणेचारला पाळणा दिसला, वहिनीचं हसणं दिसलं, आणि चित्र थिजलं. डब्यावर लाल दिवा. बायका आपापल्या घरी डोकावून आल्या. बाराही घरांत लाल. मोबाइलवर लावून पाहिलं, तर आमच्या गल्लीत रेंज नावापुरतीच. नुसतं चक्र फिरत राहिलं. कोणीतरी हळूच म्हणालं की मोठ्या कंपनीचं काय वाईट होतं. मी बाहेर धावले. मामा खांबाखाली उभे होते, आणि पहिल्यांदाच त्यांची मान खाली होती.

"जोड दोनदा तपासले, ताई. समदं बरुबर हाय," ते म्हणाले. "गाडीत बसून गावाला जावं, असं झालंय."

मी वर पाहिलं. खांबावर चिंध्या फडफडत होत्या. बारा. मधे आईची हिरवी. विचारलं, या कधी बांधल्या?

"आत्ताच. आज बारसं हाय. कुणी परक्यानं चुकून आपली तार तोडाया नको."

गाठी त्याच होत्या, करकचून, दुहेरी. प्रत्येक तार गाठीपाशी कोपरासारखी दुमडलेली. मी बघत होते तिकडे मामांनीही पाहिलं. ती तार त्यांनी महिनाभर काचेच्या बांगडीसारखी हाताळली होती. फक्त गाठ मारताना हात पंचवीस वर्षांच्या सवयीवर गेला.

"काच हाय ती," ते पुटपुटले. "दुमडली की उजेड अडतो. मी गळाच आवळला तिचा."

शिडीवर ते ज्या वेगाने चढले तो पन्नाशीचा नव्हता. आधी हिरवी सोडली. घरातून दिवा हिरवा झाल्याची आईची हाक आली तशी मी पायात चप्पल न घालता आत पळाले. तिकडे भावाने फोन बाळाच्या कानाशी धरला होता. मी कुर्रर्र केलं, नाव सांगितलं, मल्हार, आणि इथल्या बायकांनी माझ्या पाठीत रीतसर धपाटे घातले. त्या दिवशी ते धपाटे मला इतके गोड लागले की डोळ्यांत पाणीच आलं. वळून बघते तर दारात मामा. शर्ट घामाने भिजलेला, मुठीत चिंध्या. मल्हार हे नाव ऐकून त्यांनी हात जोडले आणि पडद्यावरच्या त्या लालबुंद तोंडाकडे टक लावून बघत राहिले. मामांना मी कोणाचा चेहरा बघताना पाहिलं ते तेवढंच.

बारापैकी एकही घर सुटलं नाही. वर्षभरात डिकीतल्या बऱ्याच चिंध्या पुन्हा खांबावर गेल्या. फक्त आता मामा तार मोठ्या वेटोळ्यात सोडायचे, पट्टी सैल बांधायचे आणि गाठीत करंगळी घालून बघायचे. करंगळी गेली नाही तर गाठ सोडून पुन्हा.

आता गुडघ्यांमुळे ते गावीच असतात. गल्ली त्यांची पुतणी बघते. पैठणकडच्या त्यांच्या वस्तीवरही फायबर पोचलंय, त्यामुळे रविवारी मामांचा व्हिडिओ कॉल ठरलेला. फोन असा धरतात की मला त्यांचं कपाळ आणि वरचं आभाळ तेवढं दिसतं. पहिला प्रश्न एकच, "दिवा हिरवा हाय ना?" हो म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो, आणि खरं सांगायचं तर माझाही.

गेल्या दिवाळीत भाऊ आला. मल्हार आता घरभर पळतो. मी मामांना कॉलवर त्याला दाखवलं, तर म्हणाले, "झबलं असंल त्याचं जुनं. एक पट्टी आपल्या तारेला बांधा."

मी म्हटलं, मला कुठे जमणार.

"जमंल. आवळू नका फकस्त."

पुतणीने शिडी धरली. मी वर चढले आणि आईच्या विटक्या हिरव्या चिंधीशेजारी झबल्याची पिवळी पट्टी बांधली. खालून आई विचारत होती, झालं का. मी तिला थांब म्हटलं आणि गाठीत करंगळी घालून पाहिली. गेली.