पडद्यापुढे न बसणारे नजीरभाई

नजीरभाईंनी माझ्याशी एक शब्द बोलण्याआधी माझ्या टकलावर हात ठेवला. आमची ओळखसुद्धा नव्हती. इंदापूरच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि शेजारच्या गाळ्यात मी नुकतंच विम्याचं ऑफिस थाटलं होतं. त्यांनी तो हात डावीकडून उजवीकडे फिरवला, वर ट्यूबलाइटकडे पाहिलं आणि निदान सांगितलं, "साहेब, चूक डोक्याची न्हाय. डोक्यावरल्या नळीची हाय."

झालं होतं असं, की आमच्या मिटिंगा तेव्हा नव्याने व्हिडिओ कॉलवर सुरू झाल्या होत्या. पाठीमागचा फायलींचा ढीग झाकायला मी व्हर्च्युअल बॅकग्राउंड लावलं, तेही हलत्या समुद्राचं. मिटिंग रंगात आली आणि माझ्या कपाळावरचा सगळा प्रदेश समुद्राने ताब्यात घेतला. लाट भुवईपर्यंत यायची आणि मागे जायची. पुण्याचे साहेब म्हणाले, "उद्यापासून ओहोटीची वेळ बघून बसत जा." मी तडक शेजारी गेलो आणि नजीरभाईंना ओढून माझ्या ऑफिसात आणलं.

नजीरभाईंनी ट्यूब बंद केली, माझं तोंड दाराच्या उजेडाकडे केलं आणि खुर्ची भिंतीपासून चार हात पुढे ओढली. गेलेलं टक्कल परत आलं. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याचा आनंद झाला. ते म्हणाले, "मागचं बिघडलं की पुढचं बघायचं. पडदा चाकर हाय. उजेड कमी पडला की मालकाच्या अंगावर चढतो."

त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी कापडी पडद्यांपुढे माणसं बसवली होती. सगळ्यांत मोठा पडदा त्यांनी स्वतः रंगवलेला: भिगवणचं पाणी आणि त्यात उभे रोहित पक्षी. सगळे पक्षी एकाच दिशेला तोंड करून होते. कुणी हसलं तर म्हणायचे, "मी बघाय गेलो तवा वारा त्या अंगानं होता. पाखराला कळतं, तुमाला कळंना." त्या पडद्यापुढे तालुक्यातली निम्मी बारशी आणि लग्नं बसली असतील. नजीरभाई मात्र स्वतः कधी बसले नाहीत. मी एकदा आग्रह केला, तेव्हा म्हणाले, "पडद्याफुडं गिऱ्हाईक बसतं. फोटोवाला बसला, तर फोटो कोण काढणार?" त्यांच्या एकुलत्या मुलीच्या, यास्मिनच्या लग्नाच्या अल्बममध्ये ते दोनदाच सापडतात. दोन्ही वेळा सतरंजीवर पडलेली सावली म्हणून.

माझं टक्कल परत आणल्याची बातमी पसरली आणि लोक व्हिडिओ कॉलचे बिघाड घेऊन त्यांच्याकडे येऊ लागले. सांगवीच्या एका घरी साखरपुडा होता, तिथे मीही त्यांच्याबरोबर गेलो. मुलगा परदेशात अडकलेला, म्हणून तो कॉलवरून हजर राहणार होता. घरच्यांना मुलीच्या मागे राजवाडा हवा होता. नजीरभाईंनी मुलीमागे हिरवं कापड लावून संगणकाला सांगितलं, दिसेल तेवढं हिरवं खा आणि तिथे राजवाडा दाखव. ऐन वेळी मुलगी आली ती सासरकडून आलेली हिरवी साडी नेसून, हातात हिरवा चुडा भरून. पडद्यावर राजवाड्यात एक मुंडकं तरंगत होतं आणि शेजारी दोन पंजे एकमेकांना शोधत होते. नवरामुलगा तिकडून विचारत होता, "नेटवर्क गेलं का?"

"साडी बदला," मी पुटपुटलो. मुलीच्या आजीने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच हिरवा झालो. "सासरची साडी हाय. राजवाडा बदला," ती म्हणाली.

नजीरभाई बाहेर गेले आणि ट्रॅक्टरवरची निळी ताडपत्री ओढून घेऊन आले. संगणकाला आता निळं खायला सांगितलं. मुलगी सबंध दिसली. परत येताना गाडीवर ते म्हणाले, "चूक माझीच. हितल्या नवरीच्या मागं हिरवं लावणारा मी एकटाच शहाणा."

रोज संध्याकाळी साडेसहाला मात्र ते कुणाच्याही बिघाडाला हात लावत नसत. ती यास्मिनच्या फोनची वेळ होती. ती शारजाला असायची. लहानपणापासून त्यांच्याजवळ बसून फोटो दुरुस्त करायला शिकलेली, केसाची कड कुठे तुटते ते तिला बापाआधी दिसायचं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, दोनदा दिवस जाऊन काही टिकलं नव्हतं. आता सातवा महिना होता. डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता आणि तिला कसलीही धास्ती द्यायची नाही, असं बजावलं होतं.

त्याच महिन्यात नजीरभाईंच्या छातीत कळ आली. त्यांना बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं आणि ऑपरेशन परवावर आलं. मी भेटायला गेलो तर पाच वाजले होते आणि त्यांना ऑपरेशनची नव्हे, साडेसहाची काळजी होती.

"फोन चुकवला तर ती विमानात बसंल," ते म्हणाले. "आन् हितली खाट दिसली तरी बसंल. लॅपटॉप आणलाय न्हवं? माझा पाखरांचा पडदा लावा मागं."

पडद्याचा फोटो माझ्याकडे होता. तो लावला आणि त्यांची निम्मी दाढी नाहीशी झाली. पांढरी दाढी, पांढरी उशी, संगणकाला दोन्ही सारखीच. मग झोपल्या झोपल्या नजीरभाईंनी सूत्रं हाती घेतली. त्यांच्या बायकोची, हलीमाभाभींची, चॉकलेटी शाल उशीवर आली. वरचा दिवा बंद झाला. डब्याचं स्टीलचं ताट माझ्या हाती देऊन मला खिडकीशी उभं केलं, उजेड त्यांच्या तोंडावर पाडायला. नर्स सलाइन बघायला आली तर तिलाही म्हणाले, "ताई, तुमी उजेडात आलाय." ती मुकाट्याने सरकली. सुई लावलेला हात बोलता बोलता वर येऊ नये, म्हणून भाभींनी तो चादरीखाली धरून ठेवला.

साडेसहाला यास्मिन स्क्रीनवर आली. तिच्यामागे तिच्या घराचा हॉल होता. पिवळा सोफा आणि भिंतीवर घड्याळ.

"काय जेवलात, अब्बा?"

"वांगी. तुझ्या अम्मीनं मीठ ईसरलं."

"मीठ तुमाला बंदच हाय," भाभी चादर घट्ट धरून म्हणाल्या.

असं चाललं होतं आणि नजीरभाई बोलता बोलता थांबले. स्क्रीनकडे नुसते बघत राहिले. मग अगदी सावकाश म्हणाले, "बेटा, दिवा डोक्यामागं हाय का तुझ्या? जरा समोर घे. केसाची कड तुटतीय."

मी तिच्या मागच्या घड्याळाकडे पाहिलं. फोन सुरू झाल्यापासून त्यात दहा वाजून दहा मिनिटंच झालेली होती. तो हॉल फोटोतला होता.

"बरं, अब्बा," ती म्हणाली. हात लांबवून तिने काहीतरी सरकवलं आणि तिचे केस नीट झाले. मग म्हणाली, "तुमी पण जरा पुढं या. शाल घसरलीय. पाखरं कान खायला लागलीत."

नजीरभाई पुढे झुकले. "आता?"

"आता बरं हाय."

दोघं एकमेकांकडे बघत होते. आणि नजीरभाई हसले. चोरी पकडली गेलेला आणि चोर पकडलेला माणूस एकाच वेळी हसावा, तसं. माझ्या एका हातात ताट होतं. दुसऱ्या हाताने मी खोडसाळपणे स्क्रीनशॉट घेतला. फोटोवाला पडद्यापुढे बसला होता, पुरावा नको का?

फोन ठेवल्यावर ते मला हळूच म्हणाले, "ती बी दवाखान्यात हाय. तिच्या अम्मीला बोलू नका." मग शाल अंगावर ओढत म्हणाले, "पर तोंडावर तकाकी होती. बघितली न्हवं? म्हंजी बरी हाय."

ऑपरेशन नीट झालं. महिन्याभराने तिकडे मुलगी झाली, तीही सुखरूप. ते दोघं त्या संध्याकाळबद्दल एकमेकांशी कधीच बोलले नाहीत. पुढे दीड वर्ष नजीरभाई स्टुडिओत बसले. नात पहिल्यांदा आली, तेव्हा तिला पाखरांपुढे उभी करून त्यांनी इतके फोटो काढले, की ती कंटाळून रडली. मग एका दुपारी खुर्चीतच गेले.

भिंतीवर लावायला फोटो शोधला, तर फोटोवाल्याच्या घरात फोटोवाल्याचा एकही फोटो नव्हता. मी लॅपटॉप उघडला. पाखरं, शाल, दाढी आणि ते हसू. फक्त डाव्या कानाचा अर्धा भाग भिगवणच्या पाण्यात गेलेला. शारजाहून आलेल्या यास्मिनने लॅपटॉप जवळ ओढला. मग म्हणाली, "काका, मला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं. अब्बा पडद्याफुडं बसलेत म्हंजी काहीतरी बिनसलंय."

"तो कान तुला दोन मिनिटांत नीट करता येईल," मी म्हणालो.

तिने फोटो होता तसाच फ्रेमला दिला. "मागचंच बिघडलंय, काका," ती म्हणाली. "पुढचं बघा की."