घशातलं अंतराळ

माझी जीभ डॉक्टरीणबाईंच्या हातात होती. अक्षरशः. गॉजच्या कापडात धरून त्यांनी ती हनुवटीपर्यंत ओढली होती आणि वर मलाच म्हणत होत्या, "काका, ई म्हणा."

जीभ दुसऱ्याच्या मुठीत असताना माणूस काय म्हणू शकतो, हे ज्याचं त्यानं करून पाहावं. मी "हॅऽ" असं काहीतरी काढलं आणि नेमकी त्याच वेळी वीज गेली.

बाईंनी मला खुर्चीसकट खिडकीशी वळवलं. कपाळावर बांधलेल्या गोल आरशात परभणीचं चैत्रातलं ऊन पकडलं आणि थेट माझ्या तोंडात सोडलं. लांब दांड्याचा एक छोटा आरसा स्पिरिटच्या दिव्यावर कोमट केला, म्हणजे त्यावर वाफ धरत नाही, आणि पडजिभेपाशी टेकवला. याला इनडायरेक्ट लॅरिंगोस्कोपी म्हणतात. म्हणजे आरशातून स्वरयंत्र पाहणं. मग का कुणास ठाऊक, माझी भेदरलेली नजर पाहून असेल, त्यांनी दाढीचा आरसा माझ्या हातात दिला. "तुमचंच आहे. बघा की."

मी पाहिलं.

आत, उन्हानं लखलखणाऱ्या त्या अंधाऱ्या विहिरीत, दोन पांढऱ्याशुभ्र पट्ट्या होत्या. श्वास घेतला की एकमेकींपासून लांब व्हायच्या. ई म्हटलं की एकमेकींना भिडून थरथरायच्या. जेमतेम नखाएवढ्या! अन् सेलूच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मी वीस वर्षं हर्रास म्हणजे लिलाव बोलत होतो तो या दोघींच्या जोरावर. धान्याच्या ढिगावर उभं राहून मी भाव पुकारला की स्टेशनवरचे लोक माना वळवायचे. मला वाटायचं, आवाज छातीतून येतो. मिशीतून येतो, असंही कधीकधी वाटायचं.

त्या पट्ट्यांच्या कडेवर समोरासमोर दोन गाठी होत्या, ज्वारीच्या कण्यांसारख्या. डावीकडची जरा मोठी.

"व्होकल नोड्यूल्स वाटतात," बाई म्हणाल्या. "कुदळ मारून हाताला घट्टे पडतात ना, तसे आवाजाला पडलेले घट्टे. पण डावी गाठ मला आवडली नाही. तंबाखू खाता?"

मी मान हलवली. खिशातली चंची तिथल्या तिथे काढून घेतली गेली.

"तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं जास्त ताण पडतो. गाठ बसली तर उत्तम. नाही बसली तर बायोप्सी, म्हणजे तिचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा."

बायोप्सी कशासाठी करतात ते मला ठाऊक होतं. आमच्या मोंढ्यातला एक तोलाईवाला त्याच वाटेनं गेला होता. महिनाभर माझा आवाज घोगरा येत होता तेव्हा मी आल्याचे तुकडे चघळत बसलो. माझा मालक, आडत्याच शेवटी म्हणाला होता, "बाबुराव, हर्रास बोलायलाय का बेडकं पाळायलाय? बरं व्हा लवकर. न्हाईतर दुसरा गडी बघावा लागंल."

आता या बाईंविषयी सांगायला हवं. रोज सकाळी रेडिओच्या बातम्या ऐकून त्या दवाखान्याबाहेरच्या फळ्यावर खडूनं एक सल्ला लिहीत. आजार कानाचा असो की नाकाचा, लोक आधी फळा वाचत. ते दिवस आपला माणूस अंतराळात गेल्याचे होते. फळ्यावर होतं: "आपला माणूस वर तरंगतो आहे. तिथं पाय असून चालता येत नाही. आपल्याला येतं. मग मोंढ्यापर्यंत रिक्षा कशाला?"

निघताना बाई मला म्हणाल्या, "तिथं बाहेर हवा नाही, म्हणून आवाज नाही. तुमचा घसा मी तीन आठवडे तिकडेच पाठवतेय."

तर मी अंतराळात गेलो.

घरी पाटी-पेन्सिल आली. आमच्या सौभाग्यवती पहिल्या दिवशी घाबरल्या, दुसऱ्या दिवशी रुळल्या आणि तिसऱ्या दिवशी शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "लगीन झाल्यापासून पैल्यांदा माझं बोलणं पुरं व्हायलंय बघा. डॉक्टरीण लय गुणाची हाय."

सांगायचं म्हणजे, गप्प बसल्यावर घर ऐकू येऊ लागतं. संचारबंदीत अख्खं गाव गप्प झालेलं मी पाहिलं होतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या वर्षांत ते आम्हां सगळ्यांनाच पाहावं लागलं. ती भीतीची शांतता होती. ही निराळी होती. चुलीवर दूध चढताना कसं कुजबुजतं, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. आणि सगळ्यांची जेवणं उरकल्यावर स्वयंपाकघरात एकटं एक ताट वाजतं, हेही. ते सुमनचं, माझ्या सुनेचं. पातेलं खरवडल्याचा आवाज आधी यायचा, मग ताटाचा.

मी पथ्य काटेकोर पाळलं. वाफ घेतली, पाणी प्यालो, तंबाखूची आठवण आली की बडीशेप. मोठ्या ऐटीत तीन आठवड्यांनी रेल्वेनं परभणीला गेलो.

आरसा आत गेला. बाईंनी तो काढून पुन्हा कोमट केला आणि पुन्हा घातला.

"काका, खरं सांगा. बोललात ना?"

मी पाटीवर लिहिलं: "आईची शपथ, नाही."

"मग गाठी तशाच का? सूज वाढलीय उलट."

बाहेर बेचाळीस डिग्री ऊन असेल आणि मी हुडहुडत होतो. बाई बायोप्सीची चिठ्ठी लिहू लागल्या. शाईचं पेन संपलं म्हणून त्यांनी मला बाहेर नर्सकडून आणायला पाठवलं. मी पेन घेऊन परत आलो, सवयीनं दाराशी थांबलो आणि आत शिरलो.

बाईंनी हात पुढे केला नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"आत्ता दारात काय केलंत?"

मी पाटीवर लिहिलं: "काही नाही."

"केलंत. खाकरलात."

मी लिहिलं: "हो. आत बाई आहेत."

त्यांना हसावं की कपाळ बडवावं ते कळेना. आमच्याकडची ही जुनी रीत आहे. घरात सून वावरत असेल तर सासऱ्यानं खाकरून आत यायचं, म्हणजे तिला पदर सावरायला वेळ मिळतो. माझ्या वडिलांचं खाकरणं चौकापर्यंत जायचं. माझंही कमी नव्हतं. हर्रास बोलणाऱ्याचं खाकरणं ते!

"दिवसातून किती वेळा?"

ओसरी, स्वयंपाकघर, न्हाणी, परत ओसरी. मी हिशेब सोडून दिला आणि नुसते हात पसरले.

"अहो, प्रत्येक खाकरण्याला त्या दोन पट्ट्या एकमेकींवर आपटतात. गाढवाच्या लाथेसारख्या! तोंडाला कुलूप लावलंत आणि आतनं दार धडाधडा वाजवत बसलात." त्यांनी चिठ्ठी फाडली नाही, खणात ठेवली. "आणखी तीन आठवडे देते. शेवटचे."

घरी येऊन मी सगळं पाटीवर लिहून दाखवलं. सौभाग्यवती कपाळाला हात लावून बसल्या. सुमन आतून ऐकत होती. संध्याकाळी पाहतो तर दाराच्या चौकटीला बैलाच्या गळ्यातली जुनी घंटा बांधलेली. पडद्याआडून सासूला उद्देशून ती म्हणाली, "मामांना म्हणावं, हात लावला तरी पुरे. मला ऐकू येतं."

लग्न होऊन ती घरात आली त्याला सहा वर्षं झाली होती. माझ्याशी ती थेट बोलत नव्हती आणि मी तिला हाक मारली नव्हती. आमच्यात जे काही होतं ते खाकरण्याचं. आता घंटेचं झालं.

मेच्या शेवटी मी परत परभणीला गेलो. फळ्यापुढे गर्दी होती. आपल्याकडची एक बाई जगातल्या सर्वांत उंच शिखरावर जाऊन उभी राहिली होती. खाली सल्ला: "घरोघरच्या सुनांनो, तुम्ही निदान सगळ्यांबरोबर जेवायला बसा. उरलंसुरलं खाऊन अंगात रक्त राहत नाही. सासऱ्यांनी हे मोठ्यानं वाचावं."

मोठ्यानं वाचायची मला बंदी होती. मी मनातच दोनदा वाचलं.

मी दाराशी थांबलो, खाकरलो नाही, टकटक केली. वीज होती, तरी बाईंनी मला खिडकीशी बसवलं आणि दाढीचा आरसा हातात दिला. ऊन आत गेलं. त्या दोघी तिथंच होत्या, पांढऱ्या, ओलसर. उजवी कड साफ. डावीकडे नुसती खूण, मोहरीएवढीही नाही. मी ई म्हटलं. त्या भिडल्या आणि इतक्या झरझर थरथरल्या की नुसती झाक दिसली. मी पुन्हा म्हटलं. कुणी न शिकवता, कुणी न सांगता त्या जन्मभर हे करत आल्या होत्या. डोळ्यांत पाणी आलं ते घशात आरसा असल्यामुळे, असं मी बाईंना सांगितलं असतं, पण जीभ त्यांच्या हातात होती.

खणातली चिठ्ठी त्यांनी माझ्यासमोर फाडली. "हळूहळू बोला. आणि मोंढ्यात भोंगा घ्या, मिशीवर भिस्त ठेवू नका."

माझ्यासारखा कुणी हे वाचत असेल तर त्याला एवढंच सांगतो. आवाज तीन आठवडे बसलेला राहिला तर आलं चघळत बसू नका, आरसा घालून बघून घ्या. आणि डॉक्टर पथ्य विचारतील तेव्हा ज्याला तुम्ही रीत म्हणता तीही सांगा. आजार कधीकधी तिच्यात लपून बसतो.

गाडीत मी कुणाशी बोललो नाही. पहिला शब्द वाया घालवायचा नव्हता. घरी पोचलो तेव्हा दुपारची जेवणं व्हायची होती. दाराशी घंटा लोंबत होती. मी हात वर नेला आणि खाली घेतला.

"सुमन," मी म्हणालो.

आवाज नव्या भांड्यासारखा निघाला. आत पळी खाली पडली. सौभाग्यवती माजघरातून धावत आल्या. सुमन पदर सावरत दारात आली आणि पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "जी मामा?"

"तुझं ताट घे," मी म्हणालो. "आमच्याबरोबर."